पांढऱ्या दोऱ्याची सिगार

घरोघरी वाचल्या जाणाऱ्या मासिकाने सिगारचे गुणदोष पारखण्याच्या उद्योगात पडावे, हे पाहून आमच्या कित्येक वाचकांच्या, विशेषतः वाचक-भगिनींच्या, भुवया उंचावतील याची आम्हांस पूर्ण जाणीव आहे. तंबाखूची शिफारस करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. तिने होणाऱ्या हानीविषयी याच लेखात पुढे स्पष्ट लिहावयाचे आहे. परंतु बेळगाव-निपाणीच्या मुलखातील मराठी कुटुंबांचा तंबाखूशी संबंध केवळ ओढण्या-खाण्यापुरता कधीच नव्हता. कुणाचे आजोबा ती पिकवीत, कुणाची आत्या वखारीत ती चाळीत बसे, कुणा मामांचे शिक्षण तिच्याच पैशावर झाले. अशाच एका घरी गेल्या दिवाळीत परदेशातून चार सिगार आल्या. त्यांतील महाग जातीच्या एका नगाच्या किमतीत एखाद्या मध्यमवर्गीय घराचा महिन्याचा किराणा भरता येईल, हे कळल्यावर तेथे जी चर्चा झाली तिच्यातून हा लेख निघाला.

प्रश्न साधा होता. ‘मर्यादित निर्मिती’ असे सांगून जी वस्तू विकली जाते, तिच्यातील मर्यादा वस्तूत असते की जाहिरातीत? ‘मोजकेच नग’ म्हणून विकल्या जाणाऱ्या साड्यांविषयी आणि ‘निवडक’ म्हणून येणाऱ्या आंब्याच्या पेट्यांविषयी हाच संशय आपल्या मनात येतो. सिगारच्या बाबतीत त्याचा निवाडा करणे त्या मानाने सोपे आहे, कारण सिगार म्हणजे पानाखेरीज दुसरे काही नाही. चिकटविण्यापुरता झाडाचा चीक सोडला, तर तीत वरून घातलेले काही नसते. जे काय असेल ते पानातच सापडावे लागते.

त्या चारांपैकी दोन ‘कोहिबा बेहिके ५२’ जातीच्या होत्या व दोन ‘कोहिबा रोबुस्तो’ जातीच्या. घर एकच, क्यूबातील कोहिबाचे. हे नाव त्या बेटावरील मूळच्या ताइनो लोकांच्या भाषेतून आले आहे; ते लोक तंबाखूच्या गुंडाळलेल्या पानाला असे काहीसे म्हणत, आणि ‘बेहिके’ हा त्यांचा वैदू-पुरोहित. १४९२ मध्ये कोलंबसाच्या माणसांनी ही पेटलेली गुंडाळी प्रथम पाहिली. पुढे पोर्तुगीजांच्या गलबतांतून तंबाखू आपल्या किनाऱ्यावर उतरली, आणि सतराव्या शतकाच्या आरंभी असद बेग नावाच्या मोगल वकिलाने ती अकबराच्या दरबारात नेली, तीही आमच्या शेजारच्या विजापुराहून. तेव्हा या पदार्थाकडे परका म्हणून पाहण्याचा अधिकार आम्हांला फारसा उरलेला नाही.

कोहिबाचा जन्म १९६० नंतरच्या दशकातला. फिडेल कॅस्ट्रो यांना त्यांच्या एका अंगरक्षकाकडील सिगार आवडली, ती वळणारा कारागीर शोधून काढण्यात आला आणि हवानातील एल लागितो नावाच्या जुन्या हवेलीत त्या वळण्याचे काम सुरू झाले. वळणाऱ्या आरंभी सर्व स्त्रियाच होत्या. कित्येक वर्षे या सिगार केवळ राष्ट्रप्रमुखांना भेट म्हणून दिल्या जात; १९८२ मध्ये त्या सर्वसामान्य विक्रीस आल्या. सर्वसामान्य हा शब्द अर्थात् जपून घ्यावयाचा.

‘बेहिके’ हे नाव प्रथम २००६ मध्ये वापरले गेले. कोहिबाच्या चाळिसाव्या वर्षानिमित्त १०० पेट्या, प्रत्येकीत ४० नग, एकूण ४,००० सिगार काढण्यात आल्या, आणि त्या नॉर्मा फर्नांदेस या एकाच कारागीर बाईंनी वळल्या. ही झाली संख्येची मर्यादा. माणसाने आकडा ठरवला आणि तेथे थांबला. २००० सालापासून क्यूबातील निरनिराळ्या नावांच्या ज्या वार्षिक मर्यादित आवृत्त्या निघतात, त्यांची जातकुळी हीच. त्यांचे वेष्टनाचे पान निदान दोन वर्षे मुरवलेले असते हे खरे, परंतु नग किती काढावयाचे हे कचेरीत ठरते.

२०१० मध्ये आलेल्या बेहिकेच्या ५२, ५४ आणि ५६ या तीन मापांची गोष्ट निराळी आहे. ती समजावून घेण्यासाठी झाडाकडे जावे लागते. सिगारच्या पोटात भरावयाची पाने उघड्या उन्हात वाढवलेल्या झाडांची असतात. त्या झाडाच्या खालच्या पानांना ‘बोलादो’ म्हणतात. ती पातळ, चवीला सौम्य, पण सुरेख जळतात. मधली ‘सेको’, सुगंध देणारी. वरची ‘लिहेरो’, जाड, तेलकट व कडक, जी सावकाश जळते म्हणून सिगारच्या मध्यभागी घालतात. या सर्वांच्याही वर, अगदी शेंड्याला, काही झाडांना दोन लहान पाने येतात. सर्वच झाडांना ती येत नाहीत. त्यांचे नाव ‘मेदिओ तिएम्पो’. सर्वांत अधिक ऊन त्यांनी घेतलेले असते आणि मुरण्यास सर्वांत अधिक काळ त्यांनाच लागतो. बेहिकेत हे पान घातलेले असते, रोबुस्तोत नसते. शेंड्याची ही पाने जेवढी मिळतील तेवढ्याच बेहिके वळता येतात; पेट्यांचा आकडा येथे झाडाला विचारून ठरवावा लागतो.

वेष्टनाच्या पानाची तऱ्हा तर याच्या अगदी उलट. ते उन्हापासून जपावे लागते, म्हणून त्या शेतांवर पातळ कापडाचे मांडव घालतात. पिनार देल रियो प्रांतातील वुएल्ता आबाहो हा भाग या दोन्ही पिकांसाठी जगप्रसिद्ध आहे. तोडलेली पाने लाकडी कोठारांत काठ्यांवर टांगून वाळवतात. मग ती थप्प्या लावून मुरत ठेवतात. थप्पी आपोआप तापते, उष्णता वाढली की ती मोडून पुन्हा रचावयाची, आणि या तापण्यात पानातील अमोनियासारखे उग्र अंश निघून जातात. कोहिबाच्या सेको व लिहेरो पानांना नेहमीच्या दोन मुरवणींवर आणखी तिसरी मुरवणही देतात. निपाणीकरांना यात नवल वाटणार नाही. तेथील तंबाखू कामगार स्त्रियांवर ‘युगांतर’ या गटाने १९८२ मध्ये केलेल्या माहितीपटाचे नावच ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ असे होते.

वळण्याचे काम आजही हातानेच होते. लाकडी पाट, अर्धचंद्राकृती पाते, थोडा चीक, एवढेच साहित्य. तेथील कारखान्यांतील एक प्रथा मात्र सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. १८६५ पासून तेथे कामगार काम करीत असताना एक वाचक उंच आसनावर बसून त्यांना वर्तमानपत्रे आणि कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखवतो. त्याचा पगार आरंभी कामगारच आपल्या मजुरीतून वर्गणी काढून देत. दूमाची ‘मॉन्ते क्रिस्तोचा सरदार’ ही कादंबरी त्यांना इतकी प्रिय झाली की, १९३५ मध्ये निघालेल्या एका सिगारला तेच नाव मिळाले. श्रावणात पोथी ऐकत वाती वळणाऱ्या आमच्या आज्यांना ही व्यवस्था तत्काळ पटली असती.

आता प्रत्यक्ष परीक्षेकडे वळू. सिगार आणल्या होत्या आमच्या एका वकील स्नेह्यांच्या जावयांनी. ते बोटीवर अभियंता आहेत, आणि हवानातील सरकारमान्य दुकानातून त्या घेतल्याची पावती त्यांच्याजवळ होती. बेहिकेला जास्त दाम मोजल्यामुळे तीच श्रेष्ठ ठरणार याविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती. परीक्षक आम्ही आणि जावईबापू असे दोघे. आमचे एक दंतवैद्य मित्र हजर होते, पण त्यांनी ओढण्यास साफ नकार दिला. आठवड्याला एखादे तरी तंबाखूने बिघडलेले तोंड पाहणाऱ्या माणसाने दुसरे काही करावे अशी आमची अपेक्षाही नव्हती. त्यांच्याकडे निराळे काम सोपवले. बेहिके ५२ ची लांबी ११९ मिलिमीटर व रोबुस्तोची १२४. जाडी एका इंचाच्या ६४ भागांपैकी अनुक्रमे ५२ आणि ५०. म्हणजे दोन्ही जवळपास जुळ्याच. डॉक्टरांनी आतल्या खोलीत जाऊन दोन्हींवरची सोनेरी-काळी कागदी पट्टी काढली, बेहिकेच्या टोकाला असलेली पिळाची शेंडी कापून टाकली, आणि एकीला पांढरा, दुसरीला तांबडा दोरा बांधून त्या बाहेर आणल्या. कोणता दोरा कोणाचा हे फक्त त्यांना ठाऊक.

चौथे होते आबा. निपाणीच्या वखारीत पान पारखण्यात त्यांची चाळीस वर्षे गेली. स्वतःची तंबाखू त्यांनी कधीच सोडली आहे. उरलेल्या दोन सिगार, एक पांढऱ्या दोऱ्याची आणि एक तांबड्या, त्यांच्या हाती दिल्या, तेव्हा त्यांनी पेटवण्याची भाषाच केली नाही. चाकू मागितला.

“अहो आबा, चिरताय काय?” जावईबापूंचा स्वर कळवळला.

“पेटवल्यावर राखच बघायची का जावईबापू? पान बघायचं असंल तर उलगडाय पाहिजे.”

त्यांनी वेष्टनाचे पान ओलसर फडक्यावर अलगद उलगडले. बाहेरचे पान, त्याखाली बांधणारे पान, आणि आत लांबीने दुमडून भरलेली पोटाची पाने. वेष्टनाचे पान त्यांनी खिडकीच्या उजेडासमोर धरले. एकही भोक नाही, शिरा केसासारख्या बारीक, हाताला रेशमासारखा तेलकटपणा. “आमच्याकडं पान बिडीसाठी. शेवटी कुटून त्याचा चुराच व्हायचा,” ते म्हणाले, “त्यामुळं फाटलं तरी कोण इचारतंय? हे मात्र लई जपलंय बघा. बाळंतिणीगत जपलंय.” सिगारच्या किमतीचा एक मोठा भाग या न फाटलेल्या पानात आहे, हे आम्ही पुस्तकांत वाचले होते, आबांच्या बोटांत ते पाहावयास मिळाले.

पोटातील पाने त्यांनी एकेक करून नाकाशी नेली. दोन्ही सिगारींतील बहुतेक पानांना सारखाच वास आहे असा त्यांचा निर्वाळा होता. पांढऱ्या दोऱ्याच्या सिगारमध्ये मात्र एक पान त्यांनी निराळे काढून ठेवले. लहान, जाड, जवळजवळ काळपट, आणि चुरगळले तरी न मोडणारे. “ह्यो शेंडा हाय. ऊन ह्यानंच खाल्लंय.” शेंड्याच्या पानाविषयी त्यांना कोणी एक शब्दही सांगितलेला नव्हता. डॉक्टर खिडकीबाहेर पाहू लागले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसू नये म्हणून आम्ही त्यांना चहाच्या निमित्ताने आत पाठवले. आबा काय म्हणाले ते ऐकल्यावर आमची परीक्षा पुरती निःपक्षपाती राहिली नव्हती, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. जावईबापू त्या वेळी दूरध्वनीवर बोलत बाहेर गेले होते, त्यामुळे त्यांचा कौल अधिक निर्मळ समजावा.

सिगारचा धूर गिळावयाचा नसतो. तोंडात घोळवून सोडून द्यावयाचा असतो. पारखण्याच्या बाबी पाच: ओढ मोकळी आहे की नाही, जळण सारखे आहे की एका अंगाला पळते, कडकपणा किती, सुगंध कसा, आणि चव. क्यूबातील कारखान्यांत यासाठी पगारी पारखी असतात व ते रोज निवडक नग ओढून पाहतात. अमेरिकेत १९९२ पासून निघणारे ‘सिगार अफिशिओनाडो’ हे नियतकालिक १०० पैकी गुण देते. त्याने २०१० सालची सर्वोत्तम सिगार म्हणून बेहिके ५२ ला ९७ गुण दिले होते. आम्ही प्रत्येक बाबीला १० याप्रमाणे ५० गुण ठेवले. दोन सिगारींच्या मध्ये दोन तासांचे अंतर, आणि मध्यंतरी बिनसाखरेचा चहा व कोरडी भाकरी.

प्रथम तांबडा दोरा. पहिल्या झुरक्यापासून ती खुली झाली. ओल्या गवताची गोडी, मागाहून मध, मग भाजलेल्या कॉफीचा दरवळ. ओढ उत्तम, राख पांढुरकी आणि घट्ट. पण अर्धी ओढून होईपर्यंत तिला जे सांगावयाचे होते ते तिने सांगून टाकले होते; पुढचा भाग त्याचीच पुनरुक्ती, शेवटी किंचित तिखट. समाधान देणारी, मनमिळाऊ सिगार.

पांढऱ्या दोऱ्याची सिगार आरंभी अबोल वाटली. पहिला तिसरा भाग लाकडाचा आणि कोरड्या मातीचा. जावईबापूंनी वहीत काहीतरी लिहून ती मिटलीसुद्धा. मधल्या भागात मात्र पालट झाला. कच्च्या कोकोचा कडवटपणा, त्यावर सायीचा स्निग्धपणा, आणि त्यामागे आम्हांला भाजत्या धण्यांची आठवण करून देणारा एक वास. कडकपणा वाढला, पण घशाला लागला नाही. जळण एकदा एका अंगाला पळाले आणि पुन्हा पेटवून सरळ करावे लागले, त्याचे गुण आम्ही कापले. सुमारे तासाभराने ती संपली तेव्हाही तिची चव बदलतच होती. शेंड्याचे पान जर काही करीत असेल, तर ते मधल्या भागात करते असे आमचे मत झाले.

आमचे गुण: पांढरी ४३, तांबडी ४१. जावईबापूंचे: तांबडी ४४, पांढरी ४०. डॉक्टरांनी चिठ्ठी उघडली. पांढरा दोरा बेहिकेचा होता. जावईबापूंनी एकदा चिठ्ठीकडे, एकदा आबांनी चिरलेल्या पानांकडे पाहिले आणि प्रामाणिकपणे सांगितले, “मला अजूनही तांबडीच आवडली.” त्यांच्या सौभाग्यवतींनी आतून विचारले, “मग उरलेल्या पैशांचे काय?” त्यावर सभा बरखास्त झाली.

तेव्हा निर्णय असा. फरक आहे, तो पानातला आहे, आणि आबांसारख्या पारख्याला तो न पेटवताही कळतो. पण तो दोन-चार गुणांचा आहे. किमतीतील तफावत मात्र त्याच्या कितीतरी पटीने अधिक. तिचे कारण शेतात सापडत नाही. २०२२ मध्ये कोहिबाच्या किमती जगभर एकाच, म्हणजे सर्वांत महाग बाजाराच्या पातळीवर नेण्यात आल्या आणि कित्येक देशांत त्या एका रात्रीत कडाडल्या. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ‘इयान’ वादळाने पिनार देल रियोतील पाने वाळवण्याची हजारो कोठारे भुईसपाट केली. ती पुन्हा उभारण्याचे काम ज्या शेतकऱ्यांवर आले, त्यांना आपल्या पिकाचा बहुतांश भाग सरकारी यंत्रणेला तिने ठरवलेल्या भावाने विकावा लागतो. शेंड्याचे पान ज्याच्या झाडाला आले, त्याच्या घरात त्या किमतीतले किती पोहोचते, हा प्रश्न निपाणीत विचारावा लागत नाही. रास्त भावासाठी १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली महामार्गावर ठाण मांडून बसलेले तंबाखू उत्पादक, आणि त्या आंदोलनातील गोळीबारात गेलेली माणसे, तेथे अजून विस्मरणात गेलेली नाहीत.

आता डॉक्टरांना दिलेला शब्द. सिगारचा धूर आत घेत नाहीत म्हणून ती निरुपद्रवी, हा समज त्यांनी खोडून काढावयास सांगितला आहे. सिगारच्या धुरातील निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात जाते. तोंड, घसा, स्वरयंत्र आणि अन्ननलिका यांच्या कर्करोगाचा धोका तिच्यामुळे वाढतो. मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या एका पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. खोलीतील न ओढणाऱ्यांनाही तिचा त्रास होतो, म्हणूनच आमची परीक्षा मागच्या अंगणात झाली आणि घरातील मुलांना त्या दिवशी मावशीकडे धाडले होते. किंमत जास्त म्हणून धूर कमी विषारी होत नाही.

एवढे वाचूनही एखाद्या वाचकाच्या घरी लग्नकार्यात किंवा परदेशच्या पाहुण्याकडून अशी पेटी येईलच, तर दोन शब्द. बेहिकेची जितकी नक्कल होते तितकी थोड्याच सिगारींची होत असेल. अस्सल पेटीत १० नग असतात, टोकाला पिळाची शेंडी असते, आणि पट्टीवर चमकणारी सुरक्षा-खूण असते. चार पानांचा वास सारखाच येऊ लागला, वेष्टनावर जाड शिरा दिसल्या किंवा पोटात चुरा सापडला, तर शंका घ्यावी. आणि वर काचेचे झाकण असलेली कोहिबाची पेटी कोणी स्वस्तात देऊ लागला, तर ती घेऊ नये. तशी पेटी कोहिबाने काढलेलीच नाही.